धर्मादा आणि पाव आणा

शंभर वर्षांपूर्वी खानदेश-वऱ्हाडातल्या कापूसबाजारात गाडी रिकामी करून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती आडत्याची जी चिठ्ठी पडे, तिच्यात भावाच्या खाली वजाबाकीची लांबलचक उतरंड असे. अडत, हमाली, तोलाई, नमुना म्हणून काढून घेतलेला कापूस, ओल धरून कापलेला कडता, आणि त्यातच कुठेतरी धर्मादा. गोरक्षण, पांजरपोळ, पाठशाळा, मंदिर अशा कुठल्या तरी पुण्यकार्यासाठी कापलेले काही पैसे. भाव आडत्याने आणि खरेदीदाराने रुमालाखाली हात घालून, एकमेकांची बोटे दाबून ठरवलेला. तो काय ठरला हे शेतकऱ्याला दिसत नसे. दानही त्याच्याच नावावर पडे, पण कोणाला द्यायचे हे त्याला कोणी विचारत नसे. ही सारी कपात 1928 साली शेतीविषयक शाही आयोगाने आपल्या अहवालात नोंदवली आणि बाजारांना कायदा लावण्याची शिफारस केली.

व्यापाऱ्यांच्या मते धर्मादा ही पापभीरू माणसाने स्वतःवर घालून घेतलेली शिस्त होती. सौदा झाला की त्यातला एक बारीक हिस्सा देवाचा. तो घेणाऱ्याचा नाही आणि देणाऱ्याचाही नाही. म्हणून वहीत त्याचे खाते वेगळे. कल्पना सुंदरच आहे, आणि तिच्यातून या देशात शेकडो धर्मशाळा, पाणपोया आणि शाळा उभ्या राहिल्या हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वही व्यापाऱ्याची होती. पैसा गिऱ्हाइकाच्या किंवा शेतकऱ्याच्या खिशातून यायचा, खर्च होईपर्यंत शेठजींच्या धंद्यात फिरायचा, आणि शेवटी इमारतीवर नाव कोरले जायचे ते शेठजींच्या वडिलांचे.

पश्चिम भारतातल्या व्यापाराचा आणि पुढे गिरणीधंद्याचा इतिहास या वहीतून वाचता येतो. नीती नव्हती असे कोणत्याच काळात झाले नाही. तिचे खाते मात्र कायम वेगळे ठेवले गेले. ज्या खात्यात नफा जमा होई, तिथे तिला फारसे विचारले जात नसे.

मुंबईची पांजरपोळ 1834 सालची. त्याआधी दोन वर्षे, 1832 मध्ये, भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून शहरात दंगल पेटली होती. त्यानंतर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वराजवळ जनावरांसाठी ही जागा उभी राहिली आणि व्यापाऱ्यांनी तिच्यासाठी आपल्या व्यवहारांवर लागा, म्हणजे ठरावीक वर्गणी, बसवला. जमशेटजींच्या दानाची यादी तर आजही मुंबईच्या नकाशावर वाचता येते. 1845 साली सुरू झालेले जे. जे. रुग्णालय, त्याच वर्षी त्यांच्या पत्नी आवाबाईंच्या पैशातून बांधलेला माहीमचा कॉजवे, 1857 चे कलाविद्यालय. 1842 मध्ये नाइटहुड मिळवणारे ते पहिले भारतीय, पुढे पहिले भारतीय बॅरोनेट. आणि या संपत्तीचा मोठा स्रोत होता चीनला जाणारी माळव्याची अफू. कँटनमध्ये जार्डिन-मॅथेसन कंपनीशी त्यांचा वर्षानुवर्षांचा व्यवहार होता. चीनच्या बादशहाने या मालावर बंदी घातली होती हे या व्यापारातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. 1839 साली कँटनला अफूच्या हजारो पेट्या जप्त होऊन नष्ट झाल्या, तेव्हा मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली ती बुडालेल्या पैशांची.

हे दांभिकतेचे उदाहरण म्हणून सांगणे सोपे आहे आणि ते अर्धवट आहे. जमशेटजींची करुणा खोटी नव्हती. मुंबईतल्या आजाऱ्यांना तिने औषध दिले, बेवारशी जनावरांना चारा दिला. कँटनमधला गिऱ्हाईक तेवढा तिच्या हद्दीबाहेर राहिला.

कापसाचे तसेच. ज्या गासडीवर लागा भरला जाई, तीच गासडी पाणी मारून जड केलेली, सरकी, माती नाहीतर दगड भरलेली असे. ही तक्रार इतकी जुनी की मुंबई सरकारने 1829 मध्येच कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला आणि तो पुरेना म्हणून 1863 मध्ये आणखी कडक कायदा आणला. 1863 हे साल मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्याने लँकशायरला तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. अशा वेळी भेसळ करायची गरज सर्वांत कमी असते असे कोणालाही वाटेल. झाले उलटे. जे विकले जाणारच आहे ते चांगले कशाला द्यायचे, असा हिशेब होता.

त्या तेजीची गोष्ट मराठी वाचकांना परिचित आहे. दलाल प्रेमचंद रायचंद, बॅकबे भरावाचे शेअर, भरलेल्या 5 हजारांचा शेअर 50 हजारांच्या पुढे, आणि युद्ध संपताच बाजार कोसळल्याचा 1 जुलै 1865 चा काळा दिवस. प्रेमचंदांचे वजन असलेल्या बँक ऑफ बॉम्बेने शेअरांच्या तारणावर सढळ कर्जे वाटली होती, ती बँक बुडाली. याच प्रेमचंदांनी आईच्या नावाने विद्यापीठाला दिलेल्या पैशातून उभारलेला राजाबाई टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला. दान बँक बुडण्याच्या आधीचे, टॉवर नंतरचा.

पण तेजी-मंदी ही तापासारखी असते. येते आणि उतरते. मुंबईच्या धंद्यातली मुरलेली, शंभरावर वर्षे टिकलेली चाल वेगळीच होती आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. ती म्हणजे मॅनेजिंग एजन्सी.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली. भांडवल 5 लाख, 5 हजारांचा एक असे 100 शेअर, यंत्रे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. 1856 मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. कंपनी भागधारकांची, पण चालवणार दावर, आणि त्याबद्दल त्यांना मिळणार विक्रीवर पाच टक्के कमिशन. नफ्यावर नव्हे, विक्रीवर. पहिलाच धंदा, मोठी जोखीम. त्या काळी ते वाजवीही असेल. पुढे गिरण्या वाढल्या तशी ही पद्धत पक्की झाली आणि बहुतेक ठिकाणी कमिशनाचा दर ठरला तो उत्पादनावर, पौंडामागे पाव आणा.

पाव आणा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. ऐकायला किरकोळ. समजा, एखादी गिरणी वर्षाला 20 लाख पौंड सूत काढते. एजंटाचे झाले 31,250 रुपये. गिरणीला नफा झाला तरी तेवढेच, तोटा झाला तरी तेवढेच. सूत विकले गेले नाही, गोदामात पडून राहिले तरीही तेवढेच, कारण मोजमाप चातीवरून उतरणाऱ्या मालाचे होते. चीनच्या बाजारात सुताचा भाव कोसळलेला असताना मुंबईच्या गिरण्या सूत काढतच राहात, याचे एक कारण या कलमात होते. गिरणी बंद ठेवणे भागधारकाच्या हिताचे, चालू ठेवणे एजंटाच्या हिताचे. आणि निर्णय एजंटाचा.

हे झाले करारातले उघड कमिशन. कापूस खरेदी, कोळसा, यंत्रांची मागणी, विमा, कापडाची विक्री, प्रत्येक टप्प्यावर एजंटाची किंवा त्याच्या भाऊबंदांची दुसरी पेढी मध्ये उभी राहू शकत होती. जास्त चात्या म्हणजे यंत्रांवरची जास्त दलाली, म्हणून गरज नसताना विस्तार. करार वीस-तीस वर्षांचे, काही तर कंपनी असेपर्यंतचे. एजंटाच्या पेढीच्या नावात ‘अँड सन्स’ असे ते उगाच नव्हे. बापामागून मुलगा कंपनीचा एजंट होई, भागधारकांना न विचारता. एजन्सी विकताही येत असे. कागदावर एजंट कंपनीचा नोकर आणि संचालक मंडळ त्याचे मालक. संचालक निवडत असे तोच, बहुधा आपल्याच गोतावळ्यातून.

आणि हीच माणसे शहराचे दाते. सर दिनशॉ पेटिट गिरणीधंद्यातले सर्वांत मोठे नाव. परळला, गिरण्यांच्या गजबजाटात, त्यांच्या पत्नी साकरबाईंच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले ते 1883 च्या सुमारास. लंगडलेल्या बैलावर तिथे उपचार होत. 1884 मध्ये त्याच परळ-भायखळ्याच्या टापूतले गिरणीकामगार नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने जमले आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. कामावर जखमी झाल्यास बरा होईपर्यंत मजुरी. शेवटची मागणी कायद्यात उतरायला 1923 साल उजाडावे लागले.

लोखंडे हे स्वतः एका गिरणीत स्टोअरकीपर होते आणि ‘दीनबंधु’ चालवत, म्हणून त्यांना दोन्ही वह्या ठाऊक. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन स्त्रियाही बोलल्या, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. या सगळ्या काळात मुंबईच्या कामगारांची सर्वांत जास्त काळजी वाहत होते मँचेस्टर. भारतात कारखान्यांचा कायदा व्हावा, मुलांना इतके तास राबवू नये, असा तिथल्या मालकांचा आग्रह होता आणि त्याला माणुसकीचे नाव होते. मुंबईचे सूत स्वस्त पडते ही गोष्ट ते मध्ये आणत नसत. मुंबईचे मालक त्यावर स्वदेशी धंद्याच्या रक्षणाचा मुद्दा काढत. दोघांच्याही भाषणांत कामगार होता, दोघांच्याही हिशेबात तो खर्चाच्या बाजूला.

पगार उशिरा देण्याची चाल तर फारच सोयीची होती. महिनाभर राबलेल्या माणसाला पुढच्या महिन्याच्या मध्याला पैसे मिळत. म्हणजे गिरणी सतत त्याच्याकडून बिनव्याजी उसने घेऊन चाले आणि तो वाण्याकडून सव्याज उधारीवर जगे. एक दिवस खाडा झाला तर काही ठिकाणी दोन दिवसांचा पगार कापला जाई, त्याला गिरणगावात ‘डबल खाडा’ म्हणत. विणकामात डाग पडला, धागा सुटला, की ते कापड विणकराच्या माथी मारले जाई आणि किंमत पगारातून वळती होई. आपण विणलेले खराब कापड विणकराने विकत घ्यायचे, तेही गिरणी ठरवेल त्या भावाने. 1928 च्या सहा महिने चाललेल्या संपाच्या मागण्यांमध्ये या गोष्टी होत्या.

त्याच संपाच्या निमित्ताने डॉ. आंबेडकरांनी आणखी एक खाते उघडे केले. जास्त मजुरीच्या विणखात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना विटाळ चालत नसे. मालक यात हात झटकत, की हा कामगारांचा आपसातला मामला. इथे संघटनेच्या तत्त्वातली आणि व्यवहारातली दरीही दिसली, आणि आंबेडकरांनी ती मालकांइतकीच कामगार पुढाऱ्यांनाही ऐकवली.

या पार्श्वभूमीवर जमशेटजी टाटांनी केलेली एक गोष्ट त्यांच्या प्रसिद्ध देणग्यांपेक्षा मोलाची वाटते. 1886 मध्ये त्यांनी कुर्ल्याची तोट्यातली धरमसी मिल घेऊन स्वदेशी मिल काढली, तेव्हा एजन्सीचे कमिशन उत्पादनावर न ठेवता नफ्यावर, दहा टक्के, असे ठेवले. यात दानधर्म काही नाही. करारातले एक कलम बदलले, एवढेच. पण त्यामुळे एजंट आणि भागधारक पहिल्यांदा एकाच बाजूला आले. त्यांच्याच नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्येही त्याच वर्षी निवृत्तिवेतनाचा निधी आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली, कायदा येण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी. इतर एजंटांनी नफ्यावरचे कमिशन हळूहळू, नाइलाजाने स्वीकारले. अहमदाबादेत विक्रीवरच्या कमिशनाची चाल मुंबईपेक्षाही जास्त टिकली. त्याच अहमदाबादेत 1918 च्या संपानंतर गांधीजींच्या विश्वस्तपणाच्या विचाराला मोठा मान होता.

टाटांचे हे कौतुक इथेच थांबवले तर लेख गोड होईल. पण त्याच घराण्याच्या कंपनीने 1919 नंतर मुळशी खोऱ्यात धरण बांधायचे ठरवले. वीज हवी होती मुंबईच्या गिरण्यांना. पाण्याखाली जाणार होती निळा-मुळेच्या संगमावरची पन्नासच्या आसपास गावे, दहा हजारांवर माणसे, मावळातली भाताची उत्तम खाचरे. शेतकऱ्यांना न विचारता मोजणी आणि खोदाई सुरू झाली. 1894 चा भूसंपादन कायदा सरकारने कंपनीसाठी वापरला. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला; विनायकराव भुस्कुटे आणि पां. म. बापट पुढे होते, घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. याच लढ्याने बापटांना सेनापती केले. गावांच्या जमिनी सावकारांकडे गहाण होत्या, त्यामुळे नुकसानभरपाईची रक्कम वाढवून घेण्यात पुण्याच्या सावकारांना रस होता, जमीन वाचवण्यात नव्हता. त्या फुटीने लढा खचला. धरण झाले, 1927 मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. एम्प्रेस मिलच्या कामगाराला निवृत्तिवेतन देणाऱ्या परंपरेला मुळशीचा मावळा आपल्या हद्दीतला वाटला नाही, जसा जमशेटजी जीजीभाईंना कँटनमधला अफूबाज वाटला नव्हता.

1924 चा बोनसचा संप हा या साऱ्याचा कायदेशीर उलगडा मानता येईल. महायुद्धानंतर गिरण्यांनी अफाट नफा कमावला, तेव्हा सलग काही वर्षे कामगारांना बोनस मिळाला. मंदी दिसताच तो बंद झाला आणि सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निकाल दिला की या बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने कोणताही हक्क सिद्ध होत नाही. म्हणजे दिले ते मालकाच्या मर्जीचे. पुढच्या दहा वर्षांत मंदीने मालकांचीही परीक्षा घेतली. 1933 मध्ये करीमभाय इब्राहीम यांची पेढी, मुंबईतल्या सर्वांत मोठ्या पेढ्यांपैकी एक, कोसळली आणि तिच्या गिरण्या बंद पडल्या.

कायद्याने मग या चालींना एकेक करून वेसण घातली. 1936 च्या कंपनी कायद्यातल्या दुरुस्तीने एजंटाची मुदत वीस वर्षांवर आणली आणि मोबदला निव्वळ नफ्यावर ठरवायला लावला. त्याच वर्षीच्या वेतन कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली आणि दंडाचा पैसा कामगारांच्याच भल्यासाठी वापरण्याचे बंधन घातले. मॅनेजिंग एजन्सी 3 एप्रिल 1970 रोजी कायमची रद्द झाली. दावरांच्या पाच टक्क्यांपासून मोजले तर ती एकशे सोळा वर्षे चालली.

धर्माद्याचे काय झाले? त्याला 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याने कलम 54 दिले. धंद्यातल्या रूढीप्रमाणे कोणत्याही नावाने पुण्यकार्यासाठी वसूल केलेली रक्कम वसूल करणाऱ्याच्या मालकीची नाही. तो तिचा विश्वस्त, आणि वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत धर्मादाय कार्यालयाला हिशेब देणे त्याच्यावर बंधनकारक. शतकभर जे सद्विवेकावर सोपवले होते त्यासाठी सरकारला वही तपासायला माणूस नेमावा लागला. उलट बाजूने आयकर खात्याने, हा तर गिरणीचा नफाच, असे म्हणून कर मागितला. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने ठरवले की गिऱ्हाइकांकडून धर्मादा म्हणून घेतलेला पैसा कंपनीचे उत्पन्न नव्हे.

त्यानंतर काही दशकांनी वेगळे खाते पुन्हा उघडले, या वेळी कायद्यानेच. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. 1 एप्रिल 2014 पासून ते लागू आहे. शाळा, दवाखाने, पाणी, शौचालये यांवर त्यातून खरोखरच मोठा पैसा गेला आहे. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवले हे मात्र हे कलम विचारत नाही. त्याच्या नियमांत आणखी एक तरतूद आहे. कंपनीने फक्त स्वतःच्या कामगारांच्या भल्यासाठी केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरला जात नाही.